दहा फुटांवरून फवारणी: शंभर वर्षांचा हिशोब



आजची नोंद लांब आहे, सवडीनं वाचा. आपल्याकडे आता गावोगाव फवारणीचे ड्रोन दिसायला लागलेत. बचत गटाच्या ताया उडवतात, काही पोरं भाड्यानं फवारून देतात. ड्रोन चांगला का वाईट, असं बरेच जण विचारतात. पण वरून औषध मारायचं काम काही नवीन नाही. जगात ते शंभर वर्षांपासून चालू आहे. त्या शंभर वर्षांत माणसं मेली, पिकं जळाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, कायदे झाले. तो हिशोब आधी बघू, मग ड्रोनचं बोलू.

या सगळ्या गोष्टीत अडचण एकच आहे, ती सुरुवातीलाच सांगतो. औषध पिकावर नेमकं पडायचं असेल तर विमान खाली पाहिजे. पिकाच्या शेंड्यापासून आठ-दहा फूट. एवढं खाली आलं की तारा, खांब, झाडं पायलटच्या जिवावर उठतात. पायलटला वाचवायला विमान वर घेतलं की औषध वाऱ्यावर शेजाऱ्याच्या रानात, विहिरीत आणि घरात जातं. कुणाला तरी झळ बसणारच. ती कुणाला बसली, त्याचाच हा इतिहास आहे.

पहिली फवारणी

३ ऑगस्ट १९२१. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ कॅटाल्पा नावाच्या झाडांची सहा एकरांची बाग होती, सुमारे पाच हजार झाडं. अळीनं पानं खाऊन झाडं बोडकी करत आणली होती. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, लष्कराकडे विमानं पडून होती. कीटकशास्त्रज्ञ आणि लष्करी विमान खातं यांनी मिळून ठरवलं की विमानातून पावडर टाकून बघू.

पायलट होते लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी. विमान कर्टिस जेनी, म्हणजे लाकडाचं आणि कापडाचं. विमानाच्या बाजूला पत्र्याची पेटी बसवली होती. ती एटिएन डॉरमॉय नावाच्या इंजिनिअरनं बनवलेली, आणि उडताना तोच हातानं दांडा फिरवून पावडर सोडत होता. पावडर होती लेड आर्सेनेट, म्हणजे शिसं आणि सोमल. विमान बागेच्या वाऱ्याकडच्या बाजूनं झाडांच्या शेंड्याजवळून गेलं आणि पावडरचा ढग वाऱ्यानं बागेत नेला. सगळ्या फेऱ्या धरून पावडर सोडायला एक मिनिटही लागलं नाही. दोन-तीन दिवसांत जवळजवळ सगळ्या अळ्या मेल्या.

इथं एक गोष्ट बघा. पहिल्या दिवसापासून हे काम वाऱ्याच्या भरवशावर होतं. त्या दिवशी वारं बागेकडे होतं म्हणून काम फत्ते झालं. ते दुसरीकडे फिरलं असतं तर सोमल दुसरीकडे गेला असता.

पुढच्या वर्षापासून लुइझियाना राज्यातल्या टॅलुला इथं कापसावर प्रयोग सुरू झाले. तिथं बोंडातल्या सोंडकिड्यानं शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं होतं. माणसानं किंवा खेचरानं धुरळणी करायला दिवसचे दिवस लागायचे, तेच विमान तासाभरात करायचं. त्यातून हफ डालँड डस्टर्स ही धुरळणीची कंपनी निघाली. आज जगात मोठी असलेली डेल्टा एअरलाइन्स ही याच कंपनीतून वाढली. प्रवासी विमानाची एवढी मोठी कंपनी कापसाच्या किडीपायी जन्माला आली, हे मला वाचून नवल वाटलं होतं.

तार दिसत नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा एकदम फोफावला. स्टीअरमन नावाची शिकाऊ पायलटांची जुनी विमानं स्वस्तात विकायला निघाली. लोकांनी पुढची सीट काढून तिथं औषधाची टाकी बसवली, मोठं इंजिन लावलं आणि कामाला लागले. विमान दणकट होतं, पण ते या कामासाठी केलेलंच नव्हतं. पंखांचे दोन थर आणि पुढं मोठं इंजिन, त्यामुळे पायलटला समोरचं धड दिसायचं नाही.

त्याच काळात खेड्यापाड्यांत वीज गेली. वीज म्हणजे खांब आणि तारा. फवारणीच्या पायलटचा सर्वांत मोठा वैरी तेव्हापासून आजपर्यंत तारच आहे. थोडा हिशोब करू. विमान ताशी दोनशे किलोमीटरनं चाललं तर सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे १८० फूट जातं. चौकोनी एकराची बाजू साधारण २०८ फूट असते. सेकंद-सव्वा सेकंदात एक एकराची लांबी पार. एवढ्या वेगात बोटाएवढी तार डोळ्याला दिसतच नाही. म्हणून जाणते पायलट तार शोधत नाहीत, खांब शोधतात. एक खांब दिसला की दुसरा कुठं आहे ते बघायचं आणि मधे तार आहे असं धरून चालायचं. खांबाला दिलेला ताण आणि वस्तीकडे फुटलेली एकेरी लाईन, यांनीच जास्त घात केलाय. आणखी एक गोष्ट त्यांच्यात ठाऊक असते. सकाळी पहिल्या फेरीला बघितलेली तार चाळिसाव्या फेरीला माणूस विसरतो. थकवा, ऊन आणि डोळ्यांवर येणारा सूर्य.

दुसरा घात वळणावर. शेताच्या टोकाला विमान वर उचलून वळवायचं आणि परत खाली आणायचं, दिवसातून शेकडो वेळा. टाकी भरलेली, हवा तापलेली. तापलेली हवा विरळ असते, पंखाला कमी उचलते. वळण आवळलं की विमान पंखावरची पकड सोडतं. वर हजार फूट उंची असेल तर पायलट सावरेल. शंभर फुटांवर सावरायला जागाच नाही.

या अपघातांवर विचार करणारा एक माणूस होता, फ्रेड वीक. टेक्सासच्या कृषी विद्यापीठात त्यानं खास शेतीसाठी एजी-१ नावाचं विमान बनवलं. ते १ डिसेंबर १९५० रोजी पहिल्यांदा उडालं. त्याला सल्ला होता ह्यू डीहेवन यांचा. डीहेवन स्वतः पहिल्या महायुद्धात शिकाऊ पायलट असताना विमान पडून वाचले होते. आपण का वाचलो आणि दुसरे का मेले, याचा अभ्यास त्यांनी पुढं जन्मभर केला. दोघांचा विचार सरळ होता. विमान पडणारच नाही असं म्हणू नका. पडलं तर आतला माणूस जगला पाहिजे.

म्हणून पायलटची सीट उंच केली, समोरचं दिसावं म्हणून नाक उतरतं केलं, जाड पट्टे दिले आणि औषधाची टाकी पायलटच्या पुढं ठेवली. टाकी मागं असेल तर आपटल्यावर तिचं सगळं वजन पायलटच्या पाठीवर येतं. याच विचारातून १९५९ साली पायपर पॉनी हे विमान बाजारात आलं. पाच हजारांहून जास्त बनली. चाकांच्या पायांना आणि काचेपुढं तार कापायची पाती, छतापासून शेपटीपर्यंत तार वर सरकवणारी केबल, हे सगळं फवारणीच्या विमानांवर येत गेलं.

आपल्या देशातही हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बसंत नावाचं शेतीचं विमान बनवलं. पहिलं उड्डाण ३० मार्च १९७२. चाळीसच्या आसपास बनली आणि काम थांबलं.

विमानं सुधारली तरी धोका संपला नाही. अमेरिकेत २०१३ या एका वर्षात फवारणी विमानांचे ७८ अपघात चौकशीला आले. २०११ साली कॅलिफोर्नियात एका बेटावर फवारणीचं विमान वारा मोजायच्या मनोऱ्याला धडकलं आणि पायलट गेला. तिथं दोनशे फुटांवरच्या मनोऱ्याला रंग आणि दिवा लावायचा नियम होता. हा मनोरा त्याहून थोडा कमी उंच, राखाडी, बारीक. कायद्यात बसणारा, पण डोळ्याला न दिसणारा. त्यानंतर असे मनोरे ओळखू येतील असे करायचा कायदा तिथं झाला. माणूस गेल्यावर नियम होतो, हे सगळीकडे सारखंच.

विष डोळ्यात

आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. युद्धानंतर पॅराथिऑनच्या जातीची औषधं आली, ज्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. ही शरीरातल्या नसांचं काम बिघडवतात. घाम, लाळ, मळमळ, हातपाय थरथरणं, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९५६ साली या बाहुलीचा आणि पायलटच्या नजरेचा संबंध लिहून ठेवला. विषाचा कण डोळ्यात गेला की बाहुली आवळते, नजर अंधुक होते, अंतराचा अंदाज चुकतो. जमिनीवरच्या माणसाला हे चालून जाईल. दहा फुटांवर उडणाऱ्याला अंतराचा अंदाज चुकला की संपलं. तारेला धडकून पडलेल्या कुणाची नजर आधीच विषानं अंधुक झाली असेल, ते पडलेल्या विमानाकडे बघून सांगता येत नाही.

यातून शहाणे पायलट एक रीत शिकले. वारं ज्या बाजूला वाहतंय, त्या टोकापासून फवारणी सुरू करायची आणि वाऱ्याच्या तोंडाकडे सरकत जायचं. म्हणजे पुढची फेरी स्वच्छ हवेत होते, आपणच सोडलेल्या ढगातून आपल्याला जावं लागत नाही.

पाठीवरच्या पंपालाही हीच रीत लागू आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापूस फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, वर तोंड करून धरलेलं नोझल आणि सगळं अंगावर. तिथं विमान नव्हतं, पण माणूस आपल्याच फवाऱ्यातून चालत होता.

आणि एक माणूस या गोष्टीत कायम विसरला जातो, तो म्हणजे झेंडी धरणारा. कुठली पट्टी फवारली आणि कुठली राहिली हे पायलटला कळावं म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करायचे. विमान त्याच्या रोखानं यायचं, तो झेंडी दाखवायचा आणि पुढच्या पट्टीवर सरकायचा. विमान डोक्यावरून जायचं, फवारा अंगावर यायचा. दिवसभर. पुढं १९९० नंतर जीपीएस आलं आणि झेंडीवाल्याची गरज संपली. त्याची कीव येऊन कुणी हे केलं असं नाही, मशीन स्वस्त पडलं म्हणून झालं.

शेजाऱ्याचं रान

आता विमान वर घेतलं तर काय होतं ते बघू. एक दशांश मिलिमीटरचा थेंब तीन मीटरवरून खाली यायला दहा-अकरा सेकंद घेतो. वारं ताशी पाच किलोमीटर, म्हणजे अगदी झुळूक धरा. थेंब पंधरा मीटर बाजूला पडेल. तोच थेंब तीस मीटरवरून सोडला तर दीडशे मीटर लांब जाईल. आणि थेंब पाचपट बारीक असेल तर तीन मीटरवरून सुद्धा तो चार मिनिटं हवेत राहतो आणि साडेतीनशे मीटर जातो. उन्हात पाणी उडून थेंब आणखी बारीक होतो ते वेगळंच. त्यात विमानाच्या पंखांच्या टोकाला हवेचे भोवरे होतात, ते बारीक थेंब वर उचलतात. म्हणून नोझलची दांडी पंखापेक्षा आखूड ठेवतात, टोकापर्यंत नेत नाहीत.

सन १९४५ नंतर टू-फोर-डी हे तणनाशक आलं. आर्कान्सास राज्यात एकानं भातावर विमानानं टू-फोर-डीची पावडर टाकली. पाऊण मैलावर टेलर नावाच्या शेतकऱ्याचा कापूस होता, तो बिघडला. पऱ्हाटी टू-फोर-डीला किती नाजूक असते ते आपल्याला माहीत आहे, पानं आखडून पंजासारखी होतात. टेलर कोर्टात गेला. १९४९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं औषध बनवणाऱ्या चॅपमन केमिकल कंपनीला जबाबदार धरलं. पावडर हवेत किती लांब तरंगते याची तपासणी न करता तुम्ही ती बाजारात आणली, म्हणून नुकसान तुमच्या माथी. ज्याचं पीक नव्हतं, ज्यानं औषध घेतलं नव्हतं, त्या शेजाऱ्याचा हक्क तिथं मान्य झाला.

कासारगोड

आपल्या देशातली सर्वांत मोठी गोष्ट केरळच्या कासारगोड जिल्ह्यातली. तिथं सरकारी प्लांटेशन कॉर्पोरेशनच्या सुमारे साडेचार हजार हेक्टर काजूच्या बागा. काजूवर ढेकण्या येतो, कोकणातल्या बागायतदारांना तो चांगला ठाऊक आहे. त्यासाठी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं गेलं.

रीत अशी की झाडाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटरवरून फवारायचं. पण कासारगोड हा डोंगरदऱ्यांचा मुलूख. टेकडीवर काजू, खाली दरीत वाड्या, नाले, उघड्या विहिरी आणि डोंगरात खोदलेली पाण्याची भुयारं, त्यांना तिथं सुरंगा म्हणतात. चढउताराच्या अशा जमिनीवर दोन-तीन मीटरची उंची धरता येत नाही. हेलिकॉप्टर वरून जात राहिलं आणि फवारा खाली वस्तीत उतरत राहिला. पायलटचा जीव सांभाळला गेला, पण झळ खालच्या लोकांना बसली.

पद्रे गावचे पत्रकार श्री पद्रे यांनी १९७९ च्या सुमारास व्यंग घेऊन जन्मणाऱ्या वासरांबद्दल लिहिलं होतं. गावातल्या डॉ. मोहनकुमारांना आपल्या रुग्णांत एकाच भागात विचित्र आजार दिसायला लागले. लीलाकुमारी अम्मा या स्वतः कृषी खात्यात अधिकारी, त्या १९९८ साली कोर्टात गेल्या. २००० नंतर हवाई फवारणी थांबली. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश दिला. आजार आणि औषध यांच्या संबंधावर काही शास्त्रज्ञांनी शंका घेतली, तो वाद झाला. पण वस्तीवर आणि पाण्यावर वर्षानुवर्षं विष पडत होतं यात वाद नाही.

आणि हे सगळं होत असताना कायदा नव्हता असं नाही. आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीचं कलम आहे. किमान चोवीस तास आधी लोकांना कळवायचं, फवारणीची जागा आखायची, माणसं-जनावरं आत येऊ द्यायची नाहीत, धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ठेवायची, मंजूर औषध मंजूर उंचीवरूनच मारायचं. कलम चांगलं आहे. पण दरीतल्या माणसानं ते वाचलेलं नसतं, आणि ज्यानं वाचलंय त्याला घाई असते.

आता ड्रोन

२०२० साली राजस्थानात टोळधाड आली तेव्हा सरकारनं ड्रोन वापरले. २०२१ मध्ये ड्रोनचे नियम आले, त्याच डिसेंबरात औषध फवारणीची कार्यपद्धती आली. २०२३ च्या ड्रोन दीदी योजनेत पंधरा हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. ड्रोनमध्ये पायलट बसत नाही. तारेला धडकलं तर मशीन जाईल, माणूस जाणार नाही. पाठीवर पंप घेऊन विषात चालणाऱ्या मजुराचाही त्रास वाचतो. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे, मी ड्रोनच्या विरोधात नाही.

पण विमानातला पायलट स्वतःच्या जिवासाठी तरी घाबरायचा, सावध राहायचा. ड्रोनवाला बांधावर उभा आहे, त्याला उंच उडवायला काही वाटत नाही. आणि पाण्याचा हिशोब बघा. पंपानं आपण एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी मारतो, ड्रोनला आठ-दहा लिटर. औषध तेवढंच, पाणी वीसपट कमी. म्हणजे उडून जाणारा प्रत्येक थेंब वीसपट कडक. शिवाय गावातली पोरं ड्रोन बघायला बांधावर गोळा होतात, मोबाईलवर शूटिंग करतात. कालचा झेंडीवाला गेला आणि त्याच्या जागी आपली लेकरं उभी राहिली.

म्हणून शंभर वर्षांच्या हिशोबातून मी एवढं काढलंय:

१. ड्रोन बोलवायच्या आधी रानातल्या तारा, खांबाचे ताण, डीपी आणि बोअरची केबल चालवणाऱ्याला पायी फिरून दाखवा.

२. पिकापासून दोन-तीन मीटरवरच उडवायला लावा. झाड किंवा तार चुकवायला ड्रोन वर घ्यावा लागत असेल तर तो कोपरा पंपानं मारा.

३. वारं जोरात असेल तर थांबा. पण पहाटेची एकदम स्तब्ध हवाही फसवी असते. चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरून लटकत असेल तर खाली गार हवेचा थर अडकलेला आहे. अशा वेळी बारीक थेंब तिथंच तरंगतात आणि नंतर भलतीकडे जातात. धूर हळूहळू वर जाऊन एका दिशेला वाहतोय, तेव्हा काम करा.

४. वारं जिकडे वाहतंय त्या टोकापासून सुरुवात. चालवणारा आणि बाकीचे वाऱ्याच्या पाठीमागं. लेकरं घरी.

५. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. त्याची तुती असेल, रेशीमकिडे असतील, मधाच्या पेट्या असतील, द्राक्षबाग असेल, जनावरांचा हिरवा चारा असेल. विहीर झाका.

६. पऱ्हाटी किंवा द्राक्षं जवळ असतील तर टू-फोर-डी ड्रोननं मारूच नका.

७. ड्रोनसाठी मंजूर असलेलंच औषध घ्या. लेबल वाचायला येत नसेल तर कृषी सहायकाकडून वाचून घ्या.

टेलरला कोर्टात जावं लागलं, कासारगोडच्या लोकांना वीस-बावीस वर्षं ओरडावं लागलं. आपल्याकडे शेजारी शेजाऱ्याला आदल्या संध्याकाळी एक फोन करून बरंचसं टाळू शकतो. बांधावरून भांडणं आपल्याकडे कमी नाहीत, त्यात आता हवेतून येणाऱ्या भांडणाची भर नको.

आपल्या भागात ड्रोन फवारणीनं शेजारच्या पिकाला काही झालं असेल तर पीक, औषध, वाऱ्याची दिशा आणि वेळ लिहून पाठवा. दहा-वीस गावांच्या नोंदी जमल्या तर कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांपुढं ठेवता येतील.

राम राम.